जोझियानची फ्रेंच आणि आंजीची च-भाषा

नागपूर ते सिंदी

विमानतळाबाहेर आल्याआल्या जोझियाननं माझ्या दोन्ही गालांना गाल लावले आणि बजावलं, "मला तू म्हण. तुम्ही म्हणालीस तर मी आल्या विमानानं परत जाईन." म्हणून इथंही मी तिच्याबद्दल एकेरीच लिहिते आहे. ती पॅरिसमध्ये शहराची बस चालवून निवृत्त झालेली. उंचीपुरी, आखूड पांढरे केस, आणि आवाज असा की शेवटच्या सीटवर पेंगणारा माणूसही दचकून जागा व्हावा.

आम्ही कशासाठी निघालो होतो ते आधी सांगते. सुबोध हा माझा पुण्यातला विद्यार्थी, मूळचा वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)चा. नोकरीसाठी पॅरिसला गेला आणि तिथं जोझियानच्या मुलीशी, एलोदीशी, त्यानं लग्न केलं. घरी न सांगता. त्याच्या आईला, सुशीलाताईंना, ते कळलं एका नातेवाइकाच्या मोबाइलवरच्या फोटोतून. त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं होतं. आता एलोदीला दिवस गेले होते, डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली होती आणि सुबोधला तिला सोडून निघता येत नव्हतं. तेव्हा जोझियाननंच ठरवलं की आपण जायचं. "माझ्या नातवंडाला दोन आज्या हव्यात," ती म्हणाली, "आणि त्यातली दुसरी कुठं राहते ते मला बघायचंय." सुबोधनं मला दुभाषी म्हणून सोबत जाण्याची विनंती केली. मी वीसेक वर्षं फ्रेंच शिकवते आहे. त्यात काय अवघड, असं मला वाटलं होतं.

बुटीबोरी मागं पडली आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. कापूस फुटलेला होता. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या इतक्या भरलेल्या की त्यातून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून बसले होते. काटेरी झाडांना कुणी पांढरी फुलं टाचली असावीत, तसे. जोझियान काच खाली करून बघत राहिली आणि म्हणाली, "से उफ!"

ड्रायव्हरनं लगेच मागं वळून विचारलं, "मॅडमले गरम होऊन राह्यलं का? एसी वाढवून देऊ?"

त्याला 'उफ' ऐकू आलं होतं. फ्रेंचमध्ये वेड्याला 'फू' म्हणतात. पॅरिसच्या उपनगरांतल्या पोरांनी तो शब्द उलटा केला, त्याचा 'उफ' झाला. अशी उलटी केलेली बोली तिथं घरोघर चालते. बाईला 'फाम' म्हणतात, ते उलटून 'मफ'. त्या बोलीचं नाव 'व्हर्लां', तेसुद्धा 'उलट' ह्या अर्थाच्या 'लांव्हेर' शब्दाला उलटं करून घेतलेलं. वर्गात मी हे एका तासात उरकते, फळ्यावर दोन रकाने आखून. पण इथं एक आजीच्या वयाची बाई कापसाकडे बघून ते भान हरपल्यासारखं बोलत होती, आणि ड्रायव्हरला काय सांगावं ते मला सुचेना. 'वेडं आहे' म्हटलं तर तो रागावला असता. शेवटी मी म्हटलं, "त्यांना कापूस फार आवडला."

"हाव का?" तो खूश झाला. "मंग थांबवू?"

थांबलो. जोझियाननं बाभळीवरून एक पुंजका काढून स्वेटरच्या खिशात ठेवला.

सिंदी (रेल्वे)

सुबोधचे वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. घर नीटनेटकं, पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं. वडील दारात उभेच होते. "वेलकम, वेलकम," म्हणत त्यांनी जोझियानचे दोन्ही हात हातात घेतले. सुशीलाताईंनी पाणी आणलं, नमस्कार केला, "बसा नं," म्हणाल्या आणि आत गेल्या. रागाचा एक शब्द नाही. मला तेच जास्त कठीण वाटलं.

पहिली फजिती माझीच झाली. पोहे आणताना वडिलांनी विचारलं, "मॅडम, सांभार टाकू?" पोह्यांवर इडलीबरोबरचं सांबार? मी घाईघाईनं नको म्हटलं. माझी बशी कोरडीच आली, बाकीच्यांच्या पोह्यांवर हिरवीगार कोथिंबीर. आम्ही पुण्यात जिला कोथिंबीर म्हणतो, तिला इकडे सांभार म्हणतात. मराठी ते मराठीच मला जमत नव्हतं आणि मी फ्रेंच सांभाळायला आले होते.

संध्याकाळी जेवायला पाटोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि वर लालभडक तर्री. जोझियाननं पहिला घास घेतला. तिचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "ओ ला ला! से तेरीब्ल!"

वडिलांचा चेहरा पडला. त्यांचं इंग्रजी कचेरीतलं असलं तरी हा शब्द त्यांना ठाऊक होता. त्यांनी हळूच मला विचारलं, "मॅडम, टेरिबल म्हणजे भयंकरच नं?"

"नाही हो," मी म्हटलं, "त्यांच्या बोलण्यात तेरीब्ल म्हणजे जबरदस्त. आवडलंय त्यांना."

"आणि आवडलं नसतं तर?"

"तर 'पा तेरीब्ल' म्हणाल्या असत्या. म्हणजे, भयंकर नाही."

वडील विचारात पडले. "म्हणजे भयंकर असलं तर चांगलं, आणि भयंकर नसलं तर वाईट?"

आतून सुशीलाताईंचा आवाज आला. आल्यापासून पहिल्यांदाच त्या आपण होऊन बोलत होत्या. "त्यात काय हाये? आपली धाकटी मंदा नाई का म्हणत, वहिनीनं भाजी खतरनाक केलती! तसंच हाये हे."

मला इतका वेळ जे जमलं नव्हतं ते त्यांनी भाकरी थापता थापता करून टाकलं होतं. मी जोझियानला सांगितलं. ती खुर्चीवरून उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली, ओल्या डोळ्यांनीच म्हणाली, "खतरनाक!" सुशीलाताईंनी तव्यावरून नजर हलवली नाही. पण पुढची भाकरी त्यांनी तिला तुपाची वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातली बुद्धवंदना आटोपल्यावर, जोझियान ओट्यावर चहाचा कप घेऊन बसली होती. रेल्वेचा भोंगा ऐकू येत होता. सुबोधचे वडील रोज ह्या वेळी स्टेशनाकडे फिरायला जात आणि तिथून मुलाशी फोनवर बोलून येत. सुशीलाताईंना ते माहीत होतं. वडिलांनाही ते माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

जोझियाननं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "जे ल कफार."

"काय म्हणून राह्यल्या त्या?" सुशीलाताईंनी विचारलं.

मी अर्धवट झोपेत होते. तोंडातून सरळ शब्दार्थ निघून गेला, "त्यांना झुरळ आहे म्हणतात."

"झुरळ? माह्या घरात?" सुशीलाताई झाडू घेऊन आल्या आणि ओट्याचा कोपरान्‌कोपरा धुंडाळू लागल्या. "कालच तं सगळं पुसलं मी! कुठं दिसलं?" जोझियानही पाय वर घेऊन बसली आणि मला विचारू लागली, साप आहे का?

मी दोघींना आवरलं. फ्रेंच माणसाचं मन उगाच खिन्न झालं, कशात लागेनासं झालं, की तो म्हणतो मला झुरळ आहे. घरात नाही, मनात. इतकंच मला सांगता आलं.

सुशीलाताई झाडू तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. "आतमंदी फिरते म्हणता?"

"हो."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि जोझियानपासून हातभर अंतरावर बसल्या. "मंग मले बी हाये," त्या म्हणाल्या. "आणि मॅडम, गोरी केली म्हणून नाई हो. पोरानं सांगतलं नाई म्हणून." मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. जोझियाननं मान हलवली. दोघी रेल्वेच्या दिशेला बघत बसल्या. त्या दिवशी तरी ह्याहून पुढं काही गेलं नाही.

आंजी

सुशीलाताईंची धाकटी बहीण मंदाताई आंजीत राहते. मोठं गाव, सगळी शेती. तिसऱ्या दिवशी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. घरामागं अंगण, अंगणापलीकडे तुरीचं उभं पीक. तुरीच्या हिरव्या शेंगांचा मोठा ढीग मध्ये ठेवून आम्ही चौघी सोलायला बसलो. मंदाताई बोलकी. "खाजो, लाजजो नको," म्हणत तिनं जोझियानच्या हातात उकडलेल्या शेंगांची वाटी दिली. मला मजा वाटली ती तिच्या 'मी येतो', 'मी करतो' ची. इकडच्या कितीतरी बायका बिनदिक्कत असं बोलतात. पुण्यात आम्ही ते ऐकून हसलो असतो. आंजीत ते इतकं मोकळं वाटलं की तासाभरात मीही 'मी आणतो' म्हणून मीठ आणायला उठले.

मी परत आले तर बहिणींचं बोलणं बदललेलं होतं. मंदाताई शेंगेवरची नजर न काढता म्हणाली, "चलूनबो चघे चराशीपो."

सुशीलाताई तशाच खालमानेनं, "चलेम चईना चमतज. चजला चतेये."

च ची भाषा! शाळेत आम्ही मैत्रिणी बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. मंदाताई सांगत होती, बोलून घे पोराशी. आणि सुशीलाताई म्हणत होत्या, मले नाई जमत, लाज येते.

राग नव्हता तो. लाज होती. मुलाशी बोलणं टाकून बसल्यावर आता पहिला शब्द आपण कसा काढायचा, ह्याची. मला ते कळलं होतं आणि मला ते कळू नये म्हणूनच त्या तसं बोलत होत्या. दुभाष्यानं काय करावं? मी खाली मान घालून शेंगा सोलू लागले.

पण जोझियानचे हात थांबले होते. तिनं मान तिरकी केली, डोळे बारीक केले. तिला मराठीतले पाच-सहा शब्द जेमतेम येत होते. बहिणी आणखी काही बोलल्या, आणि तिनं माझं मनगट पकडलं.

"ऐक," ती फ्रेंचमध्ये कुजबुजली. "सगळे शब्द एकाच आवाजानं सुरू होतायत. कुठल्याच भाषेत असं होत नाही. ह्या शब्द फिरवतायत. होय ना? पुढचं मागं, आणि पुढं एक पहारेकरी?"

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिचा चेहरा मी विसरणार नाही. आधी ती हसली, मग तिचे डोळे भरून आले. "माझे बाबा खाटीक होते," ती म्हणाली. "पॅरिसमध्ये आमचं मटणाचं दुकान होतं. गिऱ्हाइकासमोर बाबा आणि त्यांचे जोडीदार असंच बोलायचे. खाटकाला आम्ही बुशे म्हणतो ना? त्याचं लुशेबेम. ब काढून मागं टाकायचा, पुढं ल लावायचा, शेपटीला थोडी झालर. फामचं लामफे. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि त्याला कुठलं मांस द्यायचं ते त्याच्याच तोंडावर ठरायचं. मी काउंटरखाली बसून सगळं शिकले. बाबा गेल्यापासून मी हे कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही."

लुशेबेम हे नाव मला माहीत होतं. एका पुस्तकाच्या तळटिपेत वाचलेलं. ते जिवंत माणसाच्या तोंडून ऐकत होते मी, आणि तेही आंजीत, तुरीच्या शेंगांच्या ढिगाजवळ बसून. पॅरिसच्या खाटकांना आणि वर्ध्याकडच्या शाळकरी मुलींना कुणी कधी भेटवलं होतं? तरी लपवायची वेळ आली तेव्हा दोघांनीही तेच केलं. पहिलं अक्षर मागं पाठवलं आणि दारात एक वेगळं उभं केलं. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की अमुक शब्द दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. इथं शब्द कुठंच गेला नव्हता, आणि तरी दोन्हीकडे होता.

बहिणींना ह्यातलं काही कळलं नव्हतं. त्या आमच्याकडे बघत होत्या. जोझियाननं डोळे पुसले, ताठ बसली, मनात काहीतरी जुळवलं आणि मंदाताईकडे रिकामा पेला पुढं करून स्वच्छ आवाजात म्हणाली, "चणीपा!"

पाणी.

मंदाताईच्या हातातली शेंग खाली पडली. "अव माय! इले समजते!"

सुशीलाताईंचा चेहरा पांढरा झाला. "काय समजते? सगळं समजलं का इले?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमाले बी येते का हे?"

"येते," मी म्हटलं. "शाळेत आम्हीही बोलायचो."

"मंग आताचं सगळं ऐकलं तुमी?"

"ऐकलं. पण त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना फक्त खेळ ओळखू आला, अर्थ नाही."

मंदाताई पाणी आणायला उठली ती दारातच उभी राहिली. सुशीलाताईंनी ओंजळीतले तुरीचे दाणे टोपल्यात टाकले, पदरानं हात पुसले.

"सांगून द्या तिले," त्या म्हणाल्या. "आता लपवून काय करू?"

मी सांगितलं. 'लाज' ह्या शब्दाला फ्रेंचमध्ये शब्द आहे, आणि तो मी वापरला. जोझियान सगळं ऐकून घेऊन थेट सुशीलाताईंकडे बघत बोलू लागली आणि मी मागोमाग मराठीत सांगत गेले. एलोदीनं सुबोधबद्दल सांगितलं तेव्हा जोझियानलाही राग आला होता. मुलगी इतक्या लांबच्या घरची होईल, तिथं भेटायला जायचं कसं, म्हणून. लग्नाच्या दिवशी ती मुद्दाम उशिरा पोचली. सह्या होऊन गेल्या होत्या. बस चुकली, असं तिनं सांगितलं होतं.

"बस?" मंदाताई दारातूनच म्हणाली. "हे सोताच बस चालवते नं?"

"हो. म्हणूनच कुणी विश्वास ठेवला नाही."

पहिल्यांदा सुशीलाताई हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता त्यांना रडू आलं. जोझियाननं आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "से पा ला मेर आ ब्वार."

ह्याचा अर्थ, फार काही कठीण नाही. पण मला कुणास ठाऊक का, ते शब्दशः सांगावंसं वाटलं. "त्या म्हणतात, काही समुद्र प्यायचा नाहीये."

सुशीलाताईंनी नाक पुसलं. "समुद्र कुठला इथं? इथं बोर धरण हाये." मग त्या म्हणाल्या, "उद्या दाखवतो तिले."

हिंगणी

हिंगणी ओलांडली की रस्ता सागाच्या जंगलाला लागतो. पुढं टेकड्यांच्या मधोमध बोर धरणाचं पाणी पसरलेलं आहे. ह्या जंगलात वाघ आहेत म्हणतात. सुबोधचे वडीलही आमच्याबरोबर आले होते; आम्हाला दिसली ती वानरं, एक मुंगूस आणि काठावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. वारा पडलेला होता. पलीकडच्या टेकड्या पाण्यात जशाच्या तशा उतरल्या होत्या, कुठली रेष खरी तेच कळेना. आमच्या सह्याद्रीतली धरणं मी खूप पाहिली आहेत, पण ती डोंगरांनी घट्ट धरून ठेवलेली असतात. इथं पाणी मोकळं पडलं होतं.

काठावर सुशीलाताईंना त्यांच्या ओळखीची एक बाई भेटली. जोझियानकडे बघत तिनं विचारलं, "ह्या कोण व्हय?"

सुशीलाताई क्षणभरच थांबल्या. "माही इहीण हाय. पॅरिसहून आलती."

ती बाई कौतुकानं नमस्कार करून गेली. जोझियाननं मला कोपरानं ढोसलं. "मी त्यांची कोण झाले?" तिनं विचारलं. इहीण, म्हणजे विहीण. फ्रेंचमध्ये सासू आहे, सून आहे, जावई आहे. पण नवऱ्याच्या आईनं आणि बायकोच्या आईनं एकमेकींना काय म्हणायचं, ह्यासाठी त्या भाषेत शब्दच नाही. मी लांबलचक वाक्य करून सांगितलं. जोझियाननं ते पुरं ऐकलं.

"इतके दिवस मी एलोदीच्या नवऱ्याची आई असं म्हणत होते," ती म्हणाली. "आमच्याकडे त्याला काही नावच नाही. इहीण." तिनं ते पुन्हा पुन्हा म्हटलं, जीभ नीट बसेपर्यंत.

सुशीलाताई पाण्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "लावा फोन."

रेंज नव्हती. वडील पुढं, आम्ही मागं, अशी धरणाच्या भिंतीवर सगळी वरात निघाली. बऱ्याच अंतरावर जाऊन फोन लागला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर सुबोध दिसला, केस विस्कटलेले, पाठीमागं खिडकीत करडं आभाळ. वडिलांऐवजी आईचा चेहरा बघून तो पडद्याच्या अगदी जवळ सरकला.

"आई..." तो म्हणाला.

"ते कुठं हाये?" सुशीलाताईंनी विचारलं.

शेजारी एलोदी आली. लाल नाकाची, झोपेतून उठलेली, भ्यालेली मुलगी. सुशीलाताई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. एलोदीनं घाबरून काहीतरी फ्रेंचमध्ये पुटपुटलं. मी सांगायला पुढं झाले, तोवर सुशीलाताई आपल्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या,

"पोट दाखव, माय."

मी वाक्य जुळवत होते. पण एलोदी उभी राहिली होती. तिनं सुबोधच्या हातातला फोन खाली वळवला आणि दुसऱ्या हातानं स्वेटर पोटावर ताणून धरला. सुशीलाताईंनी मोबाइल इतका जवळ घेतला की त्यांच्या श्वासानं पडदा धुरकटला. जोझियान त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. कुणालाच माझी गरज नव्हती.

"आई, ऐक नं," सुबोधचा आवाज पडद्याबाहेरून आला, रडका. "आई, मी..."

"तू मंग बोलजो," सुशीलाताई म्हणाल्या. "आधी तिले बसू दे."